किल्ली माझ्याकडे असते

या. बूट तेवढे बाहेर झाडा.
किल्ली माझ्याकडे असते, पिठाच्या डब्यामागे,
आईच्या वेळेपासून तिथंच.
वीतभर लांब, हाताला गंज लागतो.
तुमच्या आधी एक जण येऊन गेले खात्यातून,
छप्पर मोजलं, फोटो काढले,
आणि सालाच्या रकान्यात
प्रश्नचिन्ह टाकून जेवायला निघून गेले.

साल मला विचारू नका.
चौकटीवरच्या दगडात आकडे होते म्हणतात.
इथला पश्चिमेचा वारा समुद्राचं मीठ घेऊन येतो,
त्यानं दोन खाल्ले.
उरलेल्यांवर पिवळं दगडफूल चढलंय,
ते खरवडू नका. तेही जुनंच आहे.

हा आमचा संत कोर्वेल.
रोमच्या यादीत नाही.
बिशपनं दोनदा कळवलं होतं, याला काढा,
दुसरा पाठवतो, प्लास्टरचा, नवा कोरा.
आला तोही. तो काय, कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी.
कोर्वेल ओकाच्या लाकडाचा. समुद्रापलीकडून
दगडाच्या डोणीत बसून आला, बुडाला नाही,
आणि घोड्यांची पोटदुखी बरी करू लागला.
नाक का नाही म्हणता?
लग्नाळू मुली त्यात टाचणी खुपसायच्या.
टिकली तर वर्षाच्या आत नवरा.
मीही खुपसली. पडली.
पुन्हा खुपसली, तीही पडली.
तिसरी, कुणी बघत नाही असं पाहून,
अंगठ्यानं दाबून बसवली.
गुल्वेन आला तो त्या अंगठ्यामुळं.

वर तुळईवर टॉर्च मारा.
झगा घातलेला कोल्हा कोंबड्यांना प्रवचन देतोय.
मजुरी थकली म्हणून सुतारानं कोरला,
असं आमच्याकडे सांगतात.
शेवटची कोंबडी बघा, तिचं लक्षच नाही, दाणे टिपतेय.
आमची सगळी घराणी तिचीच.

घंटा नाही.
राजाचं डोकं उडवलं त्या दिवसांत
तोफा ओतायला घंटा नेत होते,
तर चौघांनी रात्री आमची गिरणीच्या तळ्यात बुडवली
आणि चौघंही, कुठं ते न सांगता, मेले.
तळं उपसायचा विषय निघाला की
अजून कुणाची तरी कंबर धरते.

ती पाटी पहिल्या युद्धातली.
गावात घरं अकरा, पाटीवर नावं नऊ.
फ्रेंचमध्ये कोरलीत. त्यांच्या आया त्यांना
या नावांनी हाक मारत नव्हत्या.
शाळेत ब्रेतों बोललं की गळ्यात लाकडी बूट अडकवायचे,
आईनं तो अख्खा हिवाळा वागवला.
इथं कुणी अडवत नसे,
म्हणून ती दुपारी इथं येऊन बसायची, कोर्वेलशी बोलत.
प्रार्थना वगैरे नाही. गाय आटली, असलं काहीतरी.

झरा मागं, उतारावर. जपून या, पायरी हलते.
बाळ आजारी पडलं की त्याचं अंगडं
या पाण्यावर सोडायचं.
तरंगलं तर जगतं.
माझ्या पाठचा एवेनिग, सात महिन्यांचा.
अंगडं बुडालं.
आईनं बाही धरून वर काढलं, पिळलं,
पुन्हा सोडलं.
मी चार वर्षांची होते, तिचा झगा धरून उभी.
तिनं तिसऱ्यांदाही पिळलं.

तुमच्या कागदावर याला रकाना नसेल. राहू दे.

छपराचं लिहून घ्या.
उत्तरेची बाजू नवी, ती आम्ही केली, सरकारनं नाही.
जुलैच्या जत्रेत कुट्टूची धिरडी विकतो,
सहा धिरड्यांत स्लेटची एक पाटी निघते.
निशाण उचलायला माणसं उरली नाहीत,
तर तांगी उचलतो, ट्रॅक्टरवाला.
देव मानत नाही तो. खांदे चांगले आहेत.
मिरवणूक झऱ्यापर्यंत जाते, परत येते,
मग पत्ते.

झालं का? थांबा, दार मी लावते.
अहो, असं नाही, अडकेल.
ओढताना खांद्यानं थोडं वर उचलायचं,
मग बसतं.
हे लिहा.